थंडीत ‘ओव्हर’ होणारा छोटा हत्ती

परभणी म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत इथल्या कृषी विद्यापीठात नोंदलेला पारा राज्याच्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत हटकून असतो. सात-आठ अंश इथे नवलाचे नाहीत. अशा पहाटे भाजीचे कॅरेट लादून मंडईला निघावं, तर छोटा हत्ती सेल्फवर नुसता घुरघुरतो. सायलेन्सरला पेट्रोलचा वास, आणि कसाबसा चालू झालाच तर भकभक काळा धूर. मिस्त्री म्हणतात, गाडी ‘ओव्हर’ झाली, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालं.

उसाचे मोठे ट्रक डिझेलवर चालतात, त्यांचं दुखणं निराळं. हे दुखणं छोट्या हत्तीचं, म्हणजे टाटा एसच्या पेट्रोल गाडीचं: ६९४ सीसी, दोन सिलिंडर, इंजेक्शन. थंड इंजिनात पेट्रोलची पुरती वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं. एरवी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल बास होतं. थंडीत त्याहून बरंच जास्त सोडावं लागतं. पूर्वी त्यासाठी चोक ओढायचा. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक आली आणि तो हिशेब इलेक्ट्रॉनिक्सकडे गेला. (जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते इथे बसलं म्हणायचं.)

हा हिशेब चालतो मुख्यतः कूलंटच्या तापमान सेन्सरवर. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून सुरुवातीला चूक दाखवणारं कुणीच नसतं. नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, १० अंशांना पावणेचार हजारांच्या आसपास, शून्याला सहा हजारांच्या घरात. सेन्सरच्या वायरच्या कपलरची पिन गंजून मध्ये दोन हजार ओहमची भर पडली, की दहा अंशांची सकाळ ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, शून्याची वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. वायर पुरती तुटली असती तर बिघाडाचा कोड पडला असता. शून्य अंश हे तापमान मात्र अशक्य नाही, त्यामुळे स्कॅनर गप्प बसतो. प्लग बदलून, इंजेक्टर धुऊन गिऱ्हाइकाचे पैसे जातात ते इथेच.

खरी अडचण वेळेची आहे. गॅरेज उघडेपर्यंत गाडी तापलेली असते आणि गुण्यागोविंदाने चालते. म्हणून चांगला मिस्त्री गाडी रात्रभर ठेवून घेतो. सकाळी सेल्फ न मारता फक्त चावी ऑन करायची आणि स्कॅनरवर दोन आकडे बघायचे: कूलंट आणि आत येणारी हवा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत. हवा अकरा आणि कूलंट एक दाखवत असेल, तर आधी कपलर काढायचा, पिना घासायच्या, मीटर लावायचा.

आकडे जुळले तर संशय टपकणाऱ्या इंजेक्टरवर. रात्रीत इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलमधला दाब उतरणं एवढा पुरावा पुरत नाही, पंपाचा व्हॉल्व्ह गेला तरी दाब उतरतो. रेल इंजेक्टरसकट बाहेर काढून, दाब देऊन नोझल कोरडं राहतं का ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

ओव्हर झालेली गाडी तेवढ्यापुरती सोडवायची तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारतात; बऱ्याच गाड्यांत त्या वेळी इंजेक्टर बंद राहतात. पण महिनाभर असंच ढकललं असेल तर डिपस्टिक काढून हुंगावी. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर कपलर दुरुस्त झाला तरी ऑइल बदलावंच लागेल.