सोंड्यांची खानेसुमारी

बेळगावजवळच्या हिंडलग्याहून वेंगुर्ला रस्त्यानं उचगावकडे निघालं की तांबड्या मातीत रताळ्याचे वेल दिसू लागतात. त्या मातीला भेग पडली की तिच्यातून एक पाहुणा गुपचूप खाली उतरतो. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर. अंगकाठी मुंगीची, मान तांबडी, पाठ निळी-काळी चकचकीत, आणि पुढं चक्क सोंड! हा रताळ्यावरचा सोंड्या भुंगा. मादी सोंडेच्या टोकानं रताळ्याला भोक पाडते, आत एक अंडं ठेवते, विष्ठेचं बूच मारते आणि पुढच्या भोकाकडे वळते. अळ्या आतून पोखरत सुटल्या की रताळं असं कडू होतं की गुरंही तोंड लावत नाहीत.

एक मादी आयुष्यात अंडी घालते ८०च्या आसपास. फार नाहीत ना? मग घ्या कागद-पेन्सिल. निम्म्या माद्या धरू, पिढीला ४० दिवस धरू, आणि एकही भुंगा मेला नाही असं धरू. प्रत्येक पिढीची एकामागं एक रांग लावू.

पहिली पिढी ८०. रांग ४८ सेंटिमीटर, एक हातभर. दुसरी ३,२००. रांग १९ मीटर, रेल्वेच्या डब्याला थोडी कमी. तिसरी १ लाख २८ हजार, पाऊण किलोमीटर. चौथी ५१ लाख, आणि रांग बेळगावातून निघून खानापूर ओलांडते! पाचवी २० कोटी ४८ लाख. मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरा. तेवढं अंतर आठ वेळा कापून रांग अजून शिल्लकच. आणि सहावी? ८१९ कोटी! पृथ्वीवर माणसं आहेत साधारण तेवढीच. रांग ४९ हजार किलोमीटरची, म्हणजे विषुववृत्ताला पुरा वेढा घालून वर ९ हजार किलोमीटर उरते. आणि एवढ्याला लागले किती दिवस? २४०. आठच महिने! गंमत अशी, की एकेकाला १० घन मिलिमीटर जागा दिली तर हे ८१९ कोटी १३ फूट रुंद आणि २२ फूट खोल अशा एका विहिरीत मावतात. सातव्या पिढीला तसल्या ४० विहिरी खणा. रांगेचं मात्र विचारू नका. ती दोनदा चंद्रावर जाऊन परत येते आणि तिसऱ्यांदा पुन्हा चंद्र गाठते.

प्रत्यक्षात मुंग्या आहेत, बुरशी आहे, वेलाला मातीची भर लावून भेगा बुजवणारा शेतकरी आहे, नरांना वासानं फसवणारे कामगंध सापळे आहेत. म्हणून आपण वाचलो.

पण थांबा, ही झाली फक्त एक जात! तिचं बारसं केलं कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसनं, १७९८ साली, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या नमुन्यांवरून. त्याआधी १७५८ मध्ये वर्गीकरणकार लिनियसनं सोंडवाले किडे बहुतेक एकाच पोत्यात भरले होते, कुर्कुलिओ नावाच्या. पुढं पोतं फाटलं. आता निवड करताना मिशासुद्धा बघतात. तांदळातल्या सोंड्याची मिशी कोपरासारखी वाकलेली. रताळ्याच्या सोंड्याची सरळ. दोघांची कुळंही वेगळी! घरच्या तांदळात सापडला तर भिंगाखाली धरून बघाच.

तर सोंड्यांच्या जाती किती? २००७च्या मोजदादीत नाव मिळालेल्या निघाल्या सुमारे ६२,०००. पक्षी, सस्तन, सरपटणारे आणि बेडकांची जमात, सगळे एका पारड्यात घाला. चाळीस हजारांच्या आत गुंडाळतात. जातीला एक बर्थ द्यायचा म्हटलं तर ७२ बर्थचे २४ डबे अशा ३६ गाड्या भरतात. माणूसजातीला याच हिशेबानं एकच बर्थ, तोही कदाचित शौचालयाशेजारचा.

आणि हे तर फक्त नाव लागलेले. तज्ज्ञांचा अंदाज आहे २ लाख २० हजारांचा. कसा काढला ते त्यांनाच ठाऊक, आपण मान डोलवू. मग गाड्या लागतात १२८. किंवा असं करा: मुंबईहून पुण्याला चालत निघा आणि सगळ्या जाती वाटेवर सारख्या अंतरानं मांडा. दर पावलाला नवा सोंड्या, थेट पुण्यापर्यंत!

नावं द्यायचा वेग बघा. १७५८ ते २००७ या २४९ वर्षांत ६२,०००, म्हणजे वर्षाला अडीचशे. उरल्या १ लाख ५८ हजार. याच चालीनं लागतील ६३४ वर्षं! तेवढी वर्षं मागं गेलात तर बहमनी राज्यात पोचाल. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून दोनशेवर वर्षं अवकाश.

जर्मनीतल्या कार्लस्रूहच्या अलेक्झांडर रीडेल यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मात्र धडाकाच लावला. सोंड्यांचा ट्रायगोनॉप्टेरस हा एकच गट घेतला. २०१३ मध्ये न्यू गिनीतून १०१ नव्या जाती, २०१४ मध्ये जावा-बालीकडच्या ९८, २०१९ मध्ये सुलावेसीतून १०३. तीन लेखांत ३०२! नावं आणायची कुठून? न्यू गिनीच्या वेळी त्यांनी तिथली टेलिफोन डिरेक्टरीच उघडली आणि आडनावं उचलली. सुलावेसीच्या वेळी सिनेमातला योडा, चित्रकथांमधले ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्सही कामाला आले. एका गटात एक नाव एकदाच चालतं, त्यामुळं आपल्या बेळगावची डिरेक्टरी दिली असती तर पाटलांची सगळी पानं मिळून एक भुंगा!