देवघरातल्या शंखाचं समुद्रातलं आयुष्य

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. दोघांनाही समुद्रकिनारा नाही. तरी इथल्या कित्येक देवघरांत समुद्रातल्या एका प्राण्याचं घर आहे. आरतीला वाजणारा शंख हे ‘टर्बिनेला पायरम’ या मोठ्या सागरी गोगलगायीचं कवच.

मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, श्रीलंकेचा किनारा आणि कच्छचं आखात ही तिची ठिकाणं. उथळ समुद्राच्या वाळूत राहून ती सागरी कृमींची शिकार करते. जिवंतपणी शंख पांढराशुभ्र नसतो. त्यावर जाड तपकिरी साल असते. ती घासून काढली की दुधाळ कवच दिसतं. प्राणी वाढतो तसा कवचाचा वेढा पुढे सरकतो, म्हणजे शंखाचं टोक हा त्याचा सर्वांत जुना, बालपणीचा भाग. वाजवण्यासाठी आपण कापतो ते हेच टोक.

मादी मेंढ्याच्या शिंगासारखी पीळदार, कप्प्याकप्प्यांची अंडपिशवी वाळूत रोवते. पिल्लं आतच वाढतात आणि इवलासा शंख पाठीवर घेऊन सरपटत बाहेर येतात. पाण्यात तरंगत दूर जाण्याची अवस्था त्यांना नाही. त्यामुळे एखाद्या जागचे शंख उपसले, तर ती जागा पुन्हा भरायला फार काळ लागतो.

माणसाने शंख उपसायला सुरुवात केली त्याला हजारो वर्षं झाली. कच्छच्या आखाताजवळ नागेश्वरला सिंधू संस्कृतीच्या काळातलं शंखकामाचं केंद्र सापडलं आहे. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याचा माल मुरबाडमधल्या वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई. समुद्राकडच्या वस्तू घाटावर पोचत याची खूण म्हणजे नेवाशाच्या उत्खननात मिळालेल्या शंखाच्या बांगड्या.

आज ओढ आहे ती दक्षिणावर्ती शंखाची. उलट्या वळणाचा हा शंख लाखांत एखादा निघतो, म्हणून त्याला भरमसाट किंमत येते. त्या नावाने बाजारात पुष्कळदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या ‘लायटनिंग व्हेल्क’ या वेगळ्याच गोगलगायीचं कवच विकलं जातं. तिचं वळण मुळातच असं उलटं असतं. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या शंखाच्या तोंडातून आत पाहिलं की मधल्या खांबावर तीन-चार ठळक घड्या दिसतात, व्हेल्कमध्ये तशा दिसत नाहीत.

जपून ठेवलेला शंख पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. घरात आजीच्या वेळचा असेल, तर पूजेला तोच वापरावा. नवा न घेतल्याने पूजेत काही उणं पडत नाही आणि समुद्रात एक जीव वाचतो.