स्वस्त जीप आणि महागात पडणाऱ्या समजुती

नेरळ स्टेशनाबाहेर माथेरानच्या टॅक्सींची रांग लागते. त्या रांगेत फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी शोधूनही सापडायची नाही. असतात त्या ओम्नी आणि इको, फक्त मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या साध्या व्हॅन. श्रावणातल्या धुक्यात, ओल्या डांबरावरून, खालच्या गिअरमध्ये त्या दिवसभर दस्तुरी नाक्यापर्यंत खेपा करतात. घाट चढायचा तर जीपच पाहिजे, ही समजूत इथे रोज खोटी ठरते. तरीही जुनी जीप किंवा जिप्सी घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी पहिलं कारण घाटाचंच असतं.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात फार्महाऊस वाढली, मुंबई-पुण्याच्या लोकांनी जमिनी घेतल्या, कॅम्प आणि कृषी पर्यटन केंद्रं निघाली. डांबरी रस्ता सोडला की शेवटचा टप्पा कच्चा, आणि जुलैत तो चिखलाचा. नवी थार दहा लाखांच्या पुढे जाते, म्हणून नजर पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या गाडीकडे वळते. त्यात काही गैर नाही. नीट पारखून घेतलेली जुनी फोर-बाय-फोर या मातीत उत्तम काम देते. घोटाळा होतो तो ऐकीव माहितीवर व्यवहार ठरवल्यामुळे.

बाजारात मिळणाऱ्या या गाड्यांपैकी बऱ्याच महाराष्ट्राच्याच. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीस जीप जोडायला घेतली. पुढे त्याच घराण्यात सीजे-३बी, एमएम-५४०, एमएम-५५०, मेजर आणि २०१० साली थार आली. टाटांची सुमो १९९४ ची, सफारी १९९८ ची, दोन्ही पुण्याच्या. मारुतीची जिप्सी तेवढी हरियाणातली. १९८५ मध्ये ती ९७० सीसी इंजिन घेऊन आली, १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचं इंजिन मिळालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

‘जीप म्हणजे फोर-बाय-फोर’

यातच सर्वांत जास्त लोक फसतात. महिंद्रांच्या कमांडर, मेजर, अगदी थारमध्येसुद्धा टू-व्हील-ड्राइव्ह गाड्या निघाल्या. बोलेरो जीपच्याच कुळातली, पण रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरोंची पुढची चाकं नुसती फिरतात, ओढत नाहीत. म्हणून बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाकून बघावं. पुढच्या एक्सलला डिफरन्शियलचा गोळा आहे का, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस आहे का, आणि तिथून पुढे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे का? काही मालक डिझेल वाचवायला पुढचा शाफ्ट काढून ठेवतात आणि विकताना तो परत बसवायचं राहून जातं.

सगळं जागेवर असलं तरी ते चालतं का, हे मोकळ्या मातीवर तपासावं. जुन्या जिप्सीत आणि काही जीपांत पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात. ते न करता नुसता दांडा ओढला तर पुढच्या चाकांना काहीच पोचत नाही. हब लॉक करून, दांडा फोर-हायला टाकून, स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश गाडी हलवली की ती जड होते, अडखळते. तसं जाणवलं तर पुढची चाकं कामाला लागली आहेत. दांडा पडतच नसेल तर गाडी वर्षानुवर्षं टू-व्हीलमध्येच चालली असणार, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलावं.

तीच गाडी डांबरावर घेऊन असं वळण घेऊ नये. वळताना चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसतं. चिखलात चाक जरासं घसरतं आणि ताण निघून जातो. कोरडं डांबर चाकाला घसरू देत नाही, मग सगळा ताण शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसच्या दातांवर येतो. ‘पावसाळाभर फोर-व्हील लावूनच ठेवतो’ असं सांगणारा विक्रेता नकळत गाडीचं दुखणंच सांगत असतो. याच कारणासाठी चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत.

‘ही कुठेही अडकत नाही’

अडकते. साधं डिफरन्शियल ज्या चाकाला अडथळा कमी त्यालाच फिरवतं. बांध ओलांडताना पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झालं की ती दोनच गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म राहतात. २०१५ च्या सुधारित थारला मागच्या एक्सलसाठी आपोआप लागणारं मेकॅनिकल लॉक मिळालं. त्याआधीच्या बहुतेक स्वस्त गाड्यांत ते नाही. नेरळ-कळंब बाजूच्या भातशेतीच्या चिखलात खरा फरक टायर पाडतो. झिजलेल्या खाचांत माती भरली की चार चाकांचा जोरही वाया जातो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालातला २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली, तरी दहा वर्षांचा कडक झालेला रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

आणि थांबण्याचं काय? इंजिनाचा जोर चार चाकांना गेला म्हणून ब्रेक अधिक लागत नाहीत. चढताना न घसरलेली गाडी उतरताना त्याच वळणावर घसरू शकते. अनेक जुन्या जीपांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लांब उतारावर पाय दाबून ठेवला तर ते तापतात आणि पकड सुटते. माथेरानहून उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये धरावी, ब्रेक तुकड्या-तुकड्याने मारावा. फोर-लो हा खास गिअर कच्च्या, घसरड्या, तीव्र उतारासाठी. त्यात बऱ्याच जीपांत जोर सुमारे अडीच पट होतो आणि वेग तितकाच उतरतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी जवळजवळ ब्रेकशिवाय, माणसाच्या चालीने खाली येते. जुन्या फोर-बाय-फोरचा सर्वांत मोलाचा गुण हाच, आणि बहुतेक मालक तो कधी वापरत नाहीत.

‘उंच आहे, पाण्यातून जाईल’

या समजुतीत जीव जातात, म्हणून इथे जरा थांबायला हवं. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुराने कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली. हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरच्या मदतीने बाहेर काढावं लागलं. नेरळच्या उंबरठ्यावरची ही गोष्ट. आख्खी रेल्वे गाडी जिथे थांबली, तिथे टनभर वजनाच्या जिप्सीची काय कथा?

जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलीमीटर, म्हणजे एक वीत. तो आकडा दगडांसाठी आहे. वाहतं पाणी साधारण एक फुटावर लहान मोटार ढकलू लागतं आणि दोन फुटांवर मोठी जीपसुद्धा तरंगायला लागते. तरंगलेल्या गाडीची चार चाकं ओढत असली काय आणि नसली काय. शिवाय गढूळ पाण्याखाली साकवाचा कठडा तुटला आहे की रस्ताच वाहून गेला आहे, हे आत बसलेल्याला दिसत नाही.

पाणी एअर फिल्टरमधून आत गेलं तर डिझेल इंजिन जागच्या जागी बंद पडतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करून पाहणं म्हणजे उरलेलं इंजिनही घालवणं. हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही; त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं आणि जुन्या गाड्यांना ते क्वचितच मिळतं. तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि खराब झालेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. ओढा ओलांडल्यावर ओले ड्रम ब्रेकही काही अंतर नीट लागत नाहीत. हलका ब्रेक मारत ते सुकवून घ्यावेत.

‘पंधरा वर्षं झाली, आता भंगारात’

महाराष्ट्रात खासगी गाडीला असं वयाचं बंधन नाही. दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन बंद करण्याचे आदेश दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रासाठी झाले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकरण होणं थांबलं, तो नियम देशभर लागू आहे. या दोन बातम्या एकत्र होऊन गावोगावी तिसरीच बातमी फिरते.

खरं असं, की खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग तपासणी होते, गाडी योग्य ठरली तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. चारचाकीचं हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये केलं गेलं. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली तर दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क. म्हणून आरसी बुकावरची तारीख आधी वाचावी. ‘पासिंग तेवढं राहिलंय’ हे वाक्य ऐकलं की गाडीचा खर्च मोजायला तिथूनच सुरुवात करावी.

दिल्लीकडून आलेली स्वस्त गाडी घेताना मूळ आरटीओची एनओसी आहे का, हे पैसे देण्याआधी बघावं. इथे नोंदणी करताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. आणि नाव बदलणं पुढे ढकलू नये. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं. सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० कपाटात पडून राहतात, तेव्हा विकणारा आणि घेणारा दोघंही टांगणीला लागलेले असतात.

हरियाणातल्या मंडी डबवालीहून बदलून आणलेल्या रुबाबदार जीपा कोणालाही मोहात पाडतील. पण आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं असेल, किंवा चासीची लांबी बदलली असेल, तर नूतनीकरणाच्या दिवशी अडचण उभी राहते. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. चासी नंबर स्वतः घासून, पुसून, आरसीशी जुळवून पाहावा. पांढऱ्या पाटीच्या जीपमधून पैसे घेऊन पर्यटक फिरवणं तर दुहेरी धोक्याचं: परवाना नाही, आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्या मुलांना बेल्टही नसतो.

‘जीप जिथे जाईल तिथे रस्ता’

खांडसपर्यंत गाडी जाते. तिथून भीमाशंकरला चढणारे गणेश घाट आणि शिडी घाट पायवाटा आहेत. माथेरान फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि पर्यटकांच्या गाड्या दस्तुरीलाच थांबतात. राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं हा वन कायद्याखाली गुन्हा आहे. चाकोऱ्या पडलेला डोंगरउतार पहिल्याच पावसात वाहायला लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना चिखलातून पायी चढावं लागलं आणि ढिगारा हाताने, कुदळ-फावड्याने उपसावा लागला. मोठी यंत्रं वर पोचूच शकली नाहीत. या डोंगरात रस्ता नाही म्हणजे काय, हे तिथे दिसलं.

उरला खर्च. जुन्या महिंद्रांच्या बाबतीत तो सुसह्य आहे, कारण एमएम-५५० सारख्या गाड्यांचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन बोलेरोतही वर्षानुवर्षं वापरलं गेलं. कर्जतच्या कुठल्याही मिस्त्रीला ते पाठ आहे आणि सुटे भाग मिळतात. परदेशी बनावटीची जुनी फोर-बाय-फोर तितक्याच पैशांत मिळाली, तरी एका पार्टसाठी महिनाभर उभी राहू शकते. इंजिनाचं काम करून घेता येतं. कुजलेल्या चासीचं करणं कठीण. किनाऱ्यावर वापरलेली गाडी असेल तर पाट्यांचे ब्रॅकेट, पायाखालचा पत्रा आणि चासीचे जोड हातोडीने ठोकून बघावेत. ताजा काळा रंग खाली मारलेला दिसला तर जास्तच ठोकावं. पन्नास-साठच्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागलं तर किंगपिनचे बेअरिंग तपासावेत, नुसत्या व्हील बॅलन्सिंगवर समाधान मानू नये.

घेतल्यावर महिन्यातून एकदा, मातीच्या रस्त्यावर, दोन-चारशे मीटर तरी गाडी फोर-हाय आणि फोर-लोमध्ये चालवावी, म्हणजे दांडा जाम होत नाही आणि सील तेलात राहतात. मे महिन्यात ब्रेक, वायपर आणि टायर करून घ्यावेत. दिवाळीच्या आधी चासी आतून-बाहेरून धुऊन, वाळवून गंजरोधक मारावं आणि दोन्ही डिफरन्शियलचे बूच उघडून तेल पाहावं. ते दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलेलं आहे. त्याच दिवशी तेल बदलावं, आणि पुन्हा दुधाळ झालं तर सील बदलल्याशिवाय गाडी चिखलात घालू नये.