नित्यक्रमाची आसक्ती, नावीन्याची ओढ

गणेशविसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक नाशिकच्या मेन रोडवर येऊन ठेपली असता, दुरून ढोलाचा ठोका कानी पडताच आईचा हात सोडवून गर्दीकडे धाव घेणारे, आणि पथक दहा पावलांवर येताच दोन्ही कान घट्ट दाबून रस्त्याच्या मधोमध बसकण मारणारे आठ-नऊ वर्षांचे मूल दिसले, की भोवतालच्या मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतेच, "सोसत नव्हतं, तर धावला कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, पण उत्तर त्याला ठाऊक नसते, आणि आईला ते ठाऊक असले तरी त्या क्षणी सांगत बसण्याइतकी सवड तिला नसते.

धाव घेतली ती एका अवस्थेमुळे आणि बसकण मारली ती दुसरीमुळे, हे ते उत्तर. स्वमग्नतेत, म्हणजे ऑटिझममध्ये, परस्परसंवादाची रीत निराळी असते, नित्यक्रमाची आसक्ती तीव्र असते, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांचे संवेदन कधी असह्य तर कधी अत्यल्प असते. एडीएचडीत, म्हणजे अवधानन्यूनता-अतिचंचलतेत, अवधान टिकत नाही, आवेग आवरत नाही आणि मन सदैव नव्या उत्तेजनाच्या शोधात असते. ज्या मुलात या दोन्ही अवस्था एकत्र नांदतात, त्याची एक वृत्ती जे मागते तेच दुसरी मोडून टाकते. म्हणून केवळ स्वमग्नतेसाठी सांगितलेला उपाय तिथे अर्धवट ठरतो, आणि केवळ चंचलतेसाठी सांगितलेला कधीकधी उलट फिरतो.

गंगापूर रोडवरच्या एका घरी स्वयंपाकघराच्या दारावर लावलेला चित्रफलक मी पाहिला आहे. दात घासणे, अंघोळ, गणवेश, दूध-पोळी, दप्तर अशी कार्डे ओळीने चिकटवलेली. काम झाले की कार्ड काढून खालच्या पिशवीत टाकायचे. मुलगा ब्रश तोंडात घालून उभा राहिला, तोच खिडकीवर पारवा बसला, आणि फेसाळ तोंडाने तो गॅलरीत गेला. घाईच्या वेळी मदत व्हावी म्हणून आजीने दात घासण्याचे कार्ड काढून ठेवले. परतल्यावर ती रिकामी जागा पाहून त्याने जो आकांत मांडला, तो सगळी कार्डे पहिल्यापासून पुन्हा लागेपर्यंत शमला नाही. "आई, कार्ड त्यालाच काढू द्या," एवढेच सूनबाई म्हणाल्या. क्रम हवा म्हणणारा तोच आणि क्रम सोडून गेलेलाही तोच. त्याला हट्टी म्हणणाऱ्याने या दोहोंपैकी एकच गोष्ट पाहिलेली असते.

त्याच फलकावर मला या साऱ्या विषयाचे मर्म सापडले. कार्डांचा अनुक्रम कधी बदलत नसे, पण अंघोळ आणि गणवेश यांच्या मधल्या कार्डावर नुसते प्रश्नचिन्ह काढलेले होते, आणि तिथे रोज काहीतरी नवे येई: एके दिवशी जुन्या गादीवर दहा उड्या, एके दिवशी वजनदार उशी उचलून दुसऱ्या खोलीत नेणे, तर एके दिवशी आवडीचे गाणे. नावीन्य येणार हे निश्चित आणि कोठे येणार हेही निश्चित. काय येणार एवढेच अज्ञात. ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंनी सुचवलेली ही तजवीज दिसायला किरकोळ असली, तरी तिच्यात दोन्ही वृत्तींचा मान एकाच वेळी राखलेला आहे, आणि घर असो, शाळा असो वा प्रवास, या मुलांसाठी करावयाच्या प्रत्येक गोष्टीची कसोटी हीच असावी, असे माझे मत आहे.

वैद्यकशास्त्राला मात्र हे सहअस्तित्व मान्य करावयास फार काळ लागला. जॉर्ज स्टिल या इंग्रज वैद्याने आवेगशील मुलांचे वर्णन १९०२ मध्ये आणि लिओ कॅनर यांनी ११ स्वमग्न मुलांचे वर्णन १९४३ मध्ये केले. तरीही अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलाला एडीएचडीचे वेगळे निदान देण्यास मनाई होती. या एका नियमामुळे एका पिढीतील असंख्य मुलांच्या केसपेपरवर त्यांची अर्धीच हकीकत नोंदली गेली. मे २०१३ च्या आवृत्तीने ही मनाई उठवली. योगायोग असा, की त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला आपल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, ज्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत या दोन्ही अवस्थांचा समावेश आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात स्वमग्न व्यक्तींपैकी २८ टक्क्यांत एडीएचडी आढळले. तेव्हा ही विरळा घटना मानण्याची मुभा आता कोणालाच उरलेली नाही.

औषधाविषयी पालकांच्या मनात भय असते, आणि त्याला आधार नाही असे नाही. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. चंचलतेवर आहे, पण दोन्ही अवस्था असलेल्या मुलांत त्याचा गुण तुलनेने कमी येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ७२ मुलांवरील अमेरिकी अभ्यासात मिथाइलफेनिडेटने सुमारे निम्म्या मुलांत सुधारणा झाली आणि १८ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे, विशेषतः चिडचिडीमुळे, थांबवावे लागले. निम्म्यांना गुण येणे ही काही लहान गोष्ट नव्हे. मात्र औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली अल्प मात्रेने सुरू व्हावे, आणि भूक, झोप व चिडचिड यांची नोंद घरी व वर्गात दोन्हीकडे रोज ठेवली जावी.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याची कथा निराळी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. ४० टक्क्यांचा दाखला मिळाला तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो; राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते, ज्यात थेरपीचा खर्चही येतो. परंतु ज्याची स्वमग्नता सौम्य आणि चंचलता तीव्र, ते मूल टक्केवारीच्या उंबरठ्याअलीकडेच राहू शकते, आणि दोहोंच्या संगतीने त्याचे जे हाल होतात त्यांची मोजदाद कोणत्याच कचेरीत होत नाही. ही उणीव कायद्यातच दूर व्हावयास हवी.

कायदा बदलेपर्यंत शाळांना बरेच करता येईल, आणि वेगळ्या मुलांच्या शिक्षणाची नाशिकला एक परंपरा आहे. १९७७ साली रजनीताई लिमये यांनी येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, ते स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. एका आईची निकड साऱ्या शहराची सोय झाली. आज जी मुले गणितात वर्गापुढे आणि डबा संपवण्यात वर्गामागे असतात, त्यांना विशेष शाळा नको असते. सर्वसामान्य शाळेनेच थोडे सरकून जागा करून द्यावी एवढीच अपेक्षा असते. ती जागा फार खर्चाची नाही. पंख्याखाली किंवा दाराशी न बसवता पुढच्या बाकाच्या कडेला आसन, एका वेळी एकच सूचना, वह्या वाटण्याच्या निमित्ताने वर्गात फिरण्याची मुभा, आणि संमेलनाच्या तालमीत लाउडस्पीकर सुरू होण्यापूर्वी पूर्वसूचना. सर्वांत हानिकारक प्रथा म्हणजे वर्गात चुळबुळ केल्याबद्दल खेळाचा तास काढून घेणे. ज्या हालचालीने ते मूल पुढचे दोन तास स्वस्थ बसू शकले असते, तीच हालचाल शिक्षा म्हणून हिरावली जाते. मुख्याध्यापकांनी ही प्रथा लेखी हुकमाने बंद करावी.

पालकांनीही एक काम करावे. जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिका येतात आणि मागील वर्षी महत्प्रयासाने जमलेले सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. म्हणून एप्रिलमध्येच जुन्या बाईंबरोबर बसून एक पानभर मसुदा तयार करावा, त्यात मुलाला काय सोसत नाही, कशाने ते शांत होते, राग येण्यापूर्वी त्याचे हात किंवा आवाज कसा बदलतो, आणि कोणता विषय काढला की ते खुलते, हे लिहावे, आणि शाळा उघडण्याच्या आधी, वर्ग रिकामा असताना, मुलाला सोबत नेऊन तो कागद नव्या बाईंच्या हाती द्यावा, म्हणजे त्याला आपला बाकही पाहून ठेवता येईल.