सव्वा महिना उलटलेली बाळंतीण

बाळंतपणाची मुदत आपल्याकडे सव्वा महिन्याची मानली जाते. तेवढ्यात शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हे सारे यथासांग उरकते आणि मग बाळंतीण हळूहळू चुलीपाशी, गोठ्यात, शेतात रुजू होते. शासकीय हिशेबाची मुदतही जवळजवळ हीच आहे. मातामृत्यू म्हणून जो मोजला जातो तो प्रसूतीनंतरच्या ४२ व्या दिवसापर्यंतचा. आशा सेविकेच्या नवजात बालकासाठीच्या गृहभेटी ४२ व्या दिवशीच संपतात आणि तिचे त्या कामाचे मानधनही तेव्हाच पुरे होते. गर्भाशय पूर्वस्थितीला येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात, हे पाहता ही मुदत सयुक्तिक आहे. हृदयाच्या बाबतीत मात्र ती अगदीच अपुरी पडते.

ज्या विकाराविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याला वैद्यकात पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी असे नाव आहे. पूर्वी हृदयाची कसलीही तक्रार नसलेल्या स्त्रीच्या हृदयाचा स्नायू गर्भारपणाच्या अखेरीस, किंवा बहुधा प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत, एकाएकी दुर्बळ होतो. १९७१ साली या विकाराचे जे निकष मांडण्यात आले, त्यांत शेवटचा महिना व प्रसूतीनंतरचे पाच महिने ही मर्यादा धरली होती. आज ती तितक्या काटेकोरपणे पाळत नाहीत. निरोगी हृदयाचा डावा कप्पा आपल्यातील रक्तापैकी सुमारे ५५ ते ७० टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला पुढे ढकलतो. या विकारात ते प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली येते. रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी साचते. जुळे, वाढलेला रक्तदाब, तिशीनंतरचे बाळंतपण यांत धोका अधिक. पण तरुण पहिलटकरणीही यातून सुटलेल्या नाहीत.

यातील आशेची बाजू अशी की, हृदयाच्या इतर अनेक दुखण्यांच्या मानाने हे दुखणे बरे होण्याचा संभव बराच मोठा असतो. अमेरिकेत १०० स्त्रियांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षअखेर ७२ टक्के स्त्रियांचे हृदय ५० टक्के किंवा त्याहून अधिक क्षमतेने चालू लागले होते. निदानाच्या वेळीच ज्यांची क्षमता ३० टक्क्यांच्या खाली घसरलेली होती, त्यांच्या वाट्याला हे भाग्य फार कमी आले. अनेक देशांतील ७३९ रुग्णांची २०२० साली प्रसिद्ध झालेली पाहणी इतकी आशादायक नाही: सहा महिन्यांत ६ टक्के स्त्रिया दगावल्या आणि ४६ टक्क्यांचे हृदय पूर्ववत झाले. या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येणार नाही, कारण एक वर्षाचा आहे व दुसरा सहा महिन्यांचा. परंतु दोहोंतून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. हृदय सावरण्याचा काळ महिन्यांनी मोजावयाचा आहे, आणि नेमक्या त्याच काळात आपल्या व्यवस्थेने त्या स्त्रीची वही मिटलेली असते.

रोग ओळखला जात नाही याचे कारण त्याची लक्षणे फार ओळखीची आहेत. पाय सुजणे, थकवा, धाप, कोरडा खोकला यांत कोणाला नवल वाटत नाही. 'रक्त कमी आहे' एवढे उत्तर घरातल्या थोरल्या बाईपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे तयार असते. आणि रक्तक्षय इतका सार्वत्रिक आहे की ते उत्तर पुष्कळदा खरेही असते! लोहाच्या गोळ्या सुरू होतात, खोकल्याचे औषध दिले जाते, आठवडे निघून जातात. वास्तविक, आडवे पडताच जीव घाबरा होतो का, रात्र बसून काढावी लागते का, हे दोन प्रश्न विचारले तरी संशय यावा. पुढचे काम हृदयाच्या सोनोग्राफीचे, म्हणजे इकोचे. उपचारातील नेहमीच्या गोळ्या जुन्या व स्वस्त आहेत. खर्चाचा बोजा पडतो तो निदानाचा, प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा.

बारामती-इंदापूर पट्ट्यात या बोजाचे स्वरूप विशेष आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तिची नोंद माहेरच्या आरोग्य केंद्रात होते, आणि धाप लागते ती सासरी. भिगवण, निमगाव केतकी, बावडा येथून विशेषज्ञ गाठावयाचा तर एक दिवसाची मजुरी जाते. बरोबर येणाऱ्याची धरली तर दोन दिवसांची. उसाच्या हंगामात बीड वगैरे जिल्ह्यांतून कारखान्यांवर येणाऱ्या तोडणी कामगारांमध्ये अंगावर पिणारे मूल घेऊन आलेल्या स्त्रिया असतात. हंगामही चार-पाच महिन्यांचाच. नोकरदार स्त्रीला २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, आणि बाळंतपणातून आजार उद्भवला तर आणखी एक महिना. कोयत्यावरील स्त्रीला यातले काहीच नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या स्त्रीला दम लागला तर ते दुखणे म्हणून कोण मोजणार?

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. देशाचे प्रमाण ९७ होते. हे यश खरे आहे, ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नव्वदाव्या दिवशी हृदय थकून गेलेली स्त्री त्या ३३ मध्ये नाही. अशा मृत्यूंसाठी एक वर्षापर्यंतचा वेगळा वर्ग आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आहे, पण प्रमाण काढताना तो धरला जात नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूद मागणे किती कठीण असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको.

नवी योजना काढण्याची गरज नाही. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात असतात. बाळाला घेऊन येते ती आईच. त्याच वेळी परिचारिकेने तिला धापेचे ते दोन प्रश्न विचारावेत, नाडी व रक्तदाब पाहावा. यास पाच मिनिटे लागतील. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांच्या हातून नवजात अर्भकांची घरगुती देखभाल करून दाखविली आणि पुढे आशांच्या गृहभेटी त्याच धर्तीवर देशभर सुरू झाल्या. त्यामुळे हे काम गावपातळीवर झेपणार नाही, ही सबब टिकत नाही. संशय आलेल्या स्त्रीला कोठे पाठवावयाचे हेही ठरलेले असावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही तालुक्यांतील अशा रुग्णांची एक नोंदवही तेथे राहिली आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा इको झाला, तर आपल्याकडील किती हृदये सावरतात हे परदेशी आकड्यांवरून ताडावे लागणार नाही.

नोंदवहीची गरज आणखी एका कारणाने आहे. हृदय पूर्ण सावरले तरी पुढच्या गर्भारपणात विकार उलटण्याचा धोका राहतोच. सावरले नसेल तर तो जिवावरचा असतो. पहिली मुलगी झालेल्या सुनेने 'डॉक्टरांनी नको म्हटले आहे' असे सांगून घरात कितीसे चालते? तो सल्ला तिच्या एकटीच्या कानात न सांगता नवऱ्याला व सासूला समोर बसवून सांगावा, तांबी बसविण्याची व्यवस्था त्याच भेटीत व्हावी, आणि शेवटच्या इकोचा आकडा तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिला जावा, म्हणजे ती माहेरी गेली काय किंवा कोयता घेऊन दुसऱ्या कारखान्यावर गेली काय, पुढच्या डॉक्टरला तो वाचता येईल.