वन्य हरणांतील प्रायॉन रोग आणि लसनिर्मिती : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

देवी, गोवर, रेबीज इत्यादी रोगांवरील लसींमागे एक समान तत्त्व आहे. रोगकारक घटक शरीराला परका असतो आणि त्याची आगाऊ ओळख करून दिल्यास शरीर त्याचा प्रतिकार करू शकते, हे ते तत्त्व होय. परंतु रोगकारक घटक जर शरीरातील स्वतःच्याच प्रथिनाचे बिघडलेले रूप असेल, तर लस कोणाविरुद्ध तयार करावयाची? उत्तर अमेरिकेतील हरिणवर्गीय प्राण्यांत पसरलेल्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या रोगाने, म्हणजेच सीडब्ल्यूडीने, संशोधकांपुढे हा प्रश्न उभा केला आहे. प्रस्तुत लेखात या रोगाचे स्वरूप, लसनिर्मितीचे प्रमुख प्रयत्न आणि त्यांच्या यशाचे निकष यांचा विचार केला आहे.

रोगाची ओळख व प्रसार

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील एका संशोधन केंद्रात पाळलेल्या म्यूल हरणांमध्ये १९६७ मध्ये हा रोग प्रथम दिसून आला. हरणे खंगत जात, त्यांची लाळ गळत असे, मान खाली झुके आणि अखेर मृत्यू येई. १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स यांनी मृत हरणांच्या मेंदूचे ऊतक तपासले. त्यात स्पंजासारखी छिद्रे आढळली आणि मेंढ्यांतील स्क्रेपी रोगाशी त्याचे नाते स्पष्ट झाले. १९८१ मध्ये वन्य एल्कमध्येही हा रोग आढळला.

आज अमेरिकेतील ३० हून अधिक राज्यांत आणि कॅनडाच्या अनेक प्रांतांत त्याची नोंद झाली आहे. कॅनडातून आयात केलेल्या एल्कमार्फत तो दक्षिण कोरियात पोहोचला. २०१६ मध्ये नॉर्वेतील वन्य रेनडिअरमध्ये तो आढळला, तेव्हा रोग रोखण्यासाठी नॉर्डफिएला भागातील २ हजारांहून अधिक रेनडिअरचा संपूर्ण कळपच मारण्यात आला. तरीही २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरविडा पठारावर तो पुन्हा दिसलाच.

मानवाला या रोगाची लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. मात्र गाईंमधील तशाच रोगाचा मानवी आजाराशी संबंध १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये उघड झाला होता. म्हणून बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असा सल्ला आरोग्य यंत्रणा देतात. शिकारीच्या मांसावर अवलंबून असलेल्या तेथील आदिवासी व ग्रामीण समाजांसाठी हा अन्नाचा प्रश्न आहे.

प्रायॉन व प्रतिकारशक्तीचे मौन

‘प्रायॉन’ ही संज्ञा स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये रूढ केली. या कार्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींच्या पृष्ठभागावर प्रायॉन प्रथिन स्वाभाविकपणे असते. रोगकारक प्रायॉनमध्ये अमिनो आम्लांचा क्रम तोच असतो, केवळ प्रथिनाची घडी बदललेली असते. बिघडलेल्या घडीचा रेणू निरोगी रेणूच्या संपर्कात आला की त्यालाही आपल्यासारखे करतो आणि ही साखळी वाढत जाते.

येथेच लसीची मुख्य अडचण आहे. अमिनो आम्लांचा क्रम ओळखीचा असल्यामुळे प्रतिकार यंत्रणा त्याला परके मानत नाही. उलट, निरोगी प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण झाली, तर चेतापेशींनाच इजा पोहोचण्याचा धोका संभवतो.

लसनिर्मितीचे प्रयत्न

यावर एक मार्ग सुचविला गेला. घडी बिघडल्यावरच उघडा पडणारा प्रथिनाचा भाग शोधावा आणि केवळ त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करावीत. असा एक भाग कॅनडातील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिला. या तत्त्वावरील एका लसीची वायोमिंग राज्यात, प्रायॉनने दूषित झालेल्या आवारात ठेवलेल्या एल्कवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो अनपेक्षित होता. लस दिलेल्या एल्कमध्ये रोग लस न दिलेल्यांपेक्षा लवकर प्रकट झाला.

दुसरा मार्ग तोंडावाटे देण्याच्या लसीचा. क्षीण केलेल्या साल्मोनेला जिवाणूत हरणाचे प्रायॉन प्रथिन समाविष्ट करून न्यूयॉर्क येथील गटाने ती श्वेतपुच्छ हरणांना दिली. २०१५ मधील अहवालानुसार लस दिलेल्या ५ हरणांपैकी १ रोगमुक्त राहिले आणि इतरांत रोग उशिरा प्रकटला. कॅल्गरी येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, प्रयोगशाळेत घडविलेल्या प्रथिनाची लस रेनडिअरमध्ये प्रतिपिंडे निर्माण करते आणि एल्कचे प्रथिन धारण करणाऱ्या जनुकपरिवर्तित उंदरांचे आयुष्य वाढविते.

यशाचा निकष कोणता?

वन्य प्राण्यांना लस देणे अशक्य नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ मध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत रेबीजची लस दडवून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकण्यात आली होती आणि याच पद्धतीच्या विस्तारातून पश्चिम युरोपातील कोल्ह्यांचा रेबीज जवळपास संपुष्टात आला. परंतु रेबीज झालेला कोल्हा काही दिवसांतच मरतो आणि विषाणू शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. सीडब्ल्यूडीचा अधिशयन काळ मात्र साधारणतः दीड ते दोन वर्षांचा असतो. या काळात निरोगी दिसणारे हरीणही लाळ, मूत्र व विष्ठेतून प्रायॉन बाहेर टाकत राहते आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात.

यातून एक महत्त्वाचा मुद्दा निष्पन्न होतो. मानवी लसीबाबत रुग्णाचे आयुष्य वाढणे हे निर्विवाद यश असते. येथे मात्र लसीमुळे बाधित हरीण सहा महिने अधिक जगले आणि त्या काळात प्रायॉन बाहेर टाकत राहिले, तर त्या हरणाचा लाभ कळपाच्या हानीत रूपांतरित होऊ शकतो. श्वेतपुच्छ हरणांतील एका जनुकीय भेदामुळे रोगाची गती मंदावते, हे ज्ञात आहे. त्याबाबतही हीच शंका उपस्थित केली जाते. म्हणून जगण्याच्या कालावधीबरोबरच प्रायॉन उत्सर्जनाचे प्रमाण हा लसीचा मुख्य निकष असावयास हवा.

समारोप

सीडब्ल्यूडीवर आज प्रमाणित लस उपलब्ध नाही. तपासणी, हरणांच्या वाहतुकीवरील निर्बंध आणि मृत प्राण्यांची काळजीपूर्वक विल्हेवाट हेच उपाय सध्या हाती आहेत. तथापि आजवरचे प्रयत्न निष्फळ ठरले, असे म्हणता येणार नाही. स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती जागृत करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. वायोमिंगमधील प्रतिकूल निष्कर्ष दडविला न जाता प्रसिद्ध झाला, हेही तितकेच मोलाचे आहे. प्रयोगशाळेत योग्य वाटणारी लस दूषित कुरणात उलट परिणाम करू शकते, हे त्यामुळेच कळले. अशी लस हजारो वन्य हरणांना देऊन झाल्यानंतर हे ज्ञान झाले असते, तर ती चूक मागे घेणे कोणालाही शक्य नव्हते.