विश्लेषण : नागफणीच्या जंगलात पर्यटक वाट का चुकतात?

दिल्लीहून आलेला एक तरुण २० मे २०२२ रोजी लोणावळ्याजवळच्या नागफणी परिसरात एकटाच फिरायला गेला. वाट चुकल्याचे त्याने फोनवरून कळवले आणि नंतर संपर्क तुटला. पोलीस, शिवदुर्ग मित्रचे स्वयंसेवक आणि एनडीआरएफने जंगल पिंजून काढले. २४ मे रोजी दरीत त्याचा मृतदेह सापडला. तेव्हा पावसाळा सुरूही झाला नव्हता.

चकवा कुठे बसतो?

कुरवंडे गावातून नागफणीकडे जाणारी पायवाट सरळ दिसते. मात्र मळलेल्या वाटेला गुरांच्या ढोरवाटा फुटतात. त्या झाडीत किंवा पाण्याच्या जागी जाऊन संपतात. चढताना डोळ्यांसमोर सुळका असतो, त्यामुळे दिशा समजते. उतरताना अशी खूण राहत नाही. पावसाळ्यात धुके दाटले की दहा पावलांवरचेही दिसत नाही.

उतार धोक्याचा का?

मावळचा पठारी भाग पश्चिमेला कोकणाकडे एकदम तुटतो. बेसॉल्टचे थर पायऱ्यांसारखे असल्याने वरून सोपा वाटणारा उतार अचानक कड्यावर येऊन थांबतो. ‘ओढ्याच्या कडेने गेले की गाव लागते’ हा समज इथे जिवावर बेततो, कारण घाटमाथ्यावरचे अनेक ओढे धबधबा होऊन दरीत कोसळतात. गवतावरून घसरत खाली आलेल्याला पुन्हा वर चढता येईलच असे नाही.

मोबाइल पुरेसा आहे का?

नाही. दरीत रेंज जाते. सिग्नल शोधताना बॅटरी लवकर उतरते. नकाशावर जवळ दिसणारे गाव प्रत्यक्षात कड्याखाली असू शकते.

वाट चुकल्यास काय करावे?

सर्वप्रथम थांबा. ओळखीची शेवटची खूण जवळ असेल आणि उजेड असेल, तरच आल्या वाटेने मागे फिरा. बॅटरी शिल्लक असतानाच ११२ वर फोन करा, लोकेशन पाठवा आणि जागा सोडू नका. शोधपथकाला स्थिर माणूस लवकर सापडतो. अंधारात उतरू नका. शिट्टी आणि टॉर्चने इशारा द्या.

निघण्यापूर्वी?

एकटे जाऊ नका. कुठे जाणार, कधी परतणार हे घरी सांगा. पावसाळ्यात प्रशासनाचे बंदी आदेश तपासा. नवख्यांनी गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. ढोरवाट कुठे संपते, हे त्याला नकाशापेक्षा नेमके ठाऊक असते.